नाव घातलेला पेला

माझा भागीदार दत्ताराम याने मला फसवलं. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात मी गावी होतो, तेव्हा त्याने आमचं घाटकोपरचं भांड्यांचं दुकान परस्पर विकलं. आता तो मढच्या एका बंगल्यात अद्वैत शिकवतो. एरवी तो बंगला शूटिंगला भाड्याने देतात. शिबिर सगळ्यांना खुलं आहे असं कळलं, म्हणून जाब विचारायला निघालो.

मेट्रोने वर्सोवा, पुढे धक्क्यापर्यंत रिक्षा. तरीत (खाडी ओलांडणाऱ्या होडीत) शेजारी टोपली घेऊन एक कोळीण बसली होती.

"कुठं चाललास, भाऊ?"

"आत्मा शोधायला."

"मग भरती बघून यायचं ना. आत्ता चिखलच गावेल."

उतरताना खरंच चिखलात पाय रुतला आणि एक चप्पल तिथेच राहिली. बाई पोट धरून हसली. वलांडींवर (बांबूच्या आडव्या दांड्यांवर) बोंबील वाळत होते. त्यांच्या कडेने एका पायाने अनवाणी चालत मी बंगला गाठला.

दत्ताराम पांढऱ्या सदऱ्यात बसला होता. "घागर फुटली म्हणून आतलं आकाश फुटतं का? देह मी नाही, मन मी नाही. हे सगळं ज्याला कळतं तो मी, आणि तो तुमच्या-माझ्यात एकच."

खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. जन्मभर घागरी विकल्या, आतल्या पोकळीकडे कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर वाटलं, वडील कुठेच गेलेले नाहीत. तेवढ्यापुरतं दुकानही विसरलो. हे सुख त्याच्याच तोंडून मिळावं, याचा राग मग जास्त आला.

पंगतीत वरणभात आणि वाटाण्याची उसळ होती. वाढणाऱ्या बाईंनी गडबडीत माझ्यापुढे एक पेला ठेवला. त्यावर 'दत्ताराम' कोरलेलं होतं, आणि अक्षर माझं होतं. दुकान उघडलं त्या दिवशी पहिलं नाव मी त्याचंच घातलं होतं. मी पाणी प्यायलो.

तो पाटावरून उठून आला. "विल्या, तो माझा पेला आहे."

"नाव-रूप खोटं ना रे, दत्त्या?"

"मी दुसऱ्याचं उष्टं पीत नाही."

"आणि दुसऱ्याचं दुकान?"

"विकलं ते या देहाने. मी कर्ता नाहीच. चिडलाय कोण, ते तू आधी शोध." मग बाईंना म्हणाला, "पेला नीट घासून आणा."

परतीच्या होडीत मी खरंच शोधलं. वडिलांचं दिवसकार्य उरकून आलेला आणि शटरवर परकं नाव वाचत उभा राहिलेला एक माणूस सापडला. तोही खोटा असेल, मान्य. पण मग पेल्यासाठी जेवण सोडून उठला तो कोण होता? दत्त्या, आत्मा एक असेल तर असू दे. 'माझा' म्हणाला त्याला बाहेर काढ. दुकानाचा जाब मला त्याच्याकडून हवा आहे.