सखारामच्या दंडावरचं गोंदण

मोहन्याच्या चाळीतल्या कांताचा नवरा सखाराम मारामारीच्या केसमध्ये आत गेला, तेव्हा एड्स हा शब्द तिनं फक्त भिंतीवर रंगवलेला पाहिलेला. तो ट्रक डायवरांचा रोग, आपला काय संबंध, असं तिला वाटायचं.

तुरुंगाच्या फाटकाबाहेर मुलाकातीसाठी बायका ताटकळायच्या. एका संस्थेच्या नीलाताई तिथं त्यांच्यात येऊन बसायला लागल्या. "नवरा सुटून आला की दोघांनी रक्त तपासून घ्या. तोवर निरोध वापरा," त्या म्हणायच्या.

"पण ताई, माझं ऑपरेशन झालंय," कांता म्हणाली.

"ऑपरेशननं मूल थांबतं, कांताबाई. रोग थांबत नाही."

"आणि आत सगळे पुरुषच. रोग येणार कुठून?"

नीलाताईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. पुरुषापुरुषांतल्या संबंधातून येतो, एकच सुई चारचौघांना टोचली की येतो. कांताचे कान तापले. एका ताटात जेवल्यानं होत नाही, हेही त्या बोलल्या, पण ते तिच्या डोक्यात शिरलंच नाही. घरी येऊन तिनं शेजारच्या कलावतीला विचारलं, तर ती फिस्कारली, "अगं, नवराबायकोत भांडणं लावायचे धंदे हे!"

शहाण्णव साली सखाराम सुटला. आल्या आल्या त्यानं बाही वर सारली. दंडावर हिरव्या अक्षरांत 'कांता'. "सुटायच्या आधी मुद्दाम गोंदवून घेतलं." तिला भरून आलं आणि त्याच क्षणी सुई आठवली. हसावं की रडावं, कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पोरं शाळेत गेल्यावर, सखारामनं दार लोटलं. तिनं निरोधचं पाकीट पुढं केलं.

"हे कशाला? तुझं ऑपरेशन झालंय ना?" त्याचा आवाज चढला. "मी नसताना कोण यायचं इथं?"

पाठ केलेलं सगळं ती विसरली. "ती सुई," कशीबशी बोलली, "अजून कोणाकोणाला लावलेली हो?"

तो काहीतरी वाकडं बोलणार होता. मग दंडाकडं बघत खाली बसला. "बराकीत सगळीकडं तीच फिरायची."

रक्त तपासलं. दोघांचंही चांगलं आलं. नीलाताई म्हणाल्या, तीन महिन्यांनी परत तपासा, तोवर निरोध सोडू नका.

"चांगलं आलंय, मग परत कशाला?" सखाराम वैतागला. लागण झाली तरी रक्तात लगेच दिसत नाही, हे ताईंनी पुन्हा पुन्हा समजावलं. दोघांनी माना डोलावल्या. कळलं अर्धंच.

वाटेत कांता म्हणाली, "कळत नसलं तरी पाळू या."

कुरकुरत का होईना, त्यानं पाळलं. दुसऱ्या वेळीही रक्त चांगलं निघालं, तशी कांता दवाखान्याच्या पायरीवरच हुंदके द्यायला लागली.

"अगं, आता कशाला रडतेस?"

"काय माहीत!" ती म्हणाली. आपण नवऱ्यावर संशय घेतला की त्याला जपलं, हे तिचं तिलाच अजून उलगडलं नव्हतं.