एक्क्याण्णव मूर्तींच्या रांगा

माझ्या सासऱ्यांचा देवावर विश्वास होता, आकड्यावर कधीच नव्हता. विधान मोठं वाटेल, पण पेणच्या गणपतीच्या कारखान्यात ज्यांची हयात गेली त्या आमच्या मामांबद्दल ते अक्षरशः खरं आहे. साच्यातून निघालेल्या मूर्ती वाळवायला फळ्यांवर सारख्या रांगांत मांडायच्या, हे त्यांचं काम. मोजून झालं की ते त्या आकड्याला दोनाने, तिनाने, पाचाने, साताने भाग लावत. भाग गेला, की रांगा बसल्या. कशानेच गेला नाही, आकडा मूळ संख्या निघाला, की कपाळाला आठी. मूळ संख्येच्या सारख्या रांगा होत नाहीत. सगळ्या मूर्ती एकाच लांबलचक ओळीत ठेवाव्या लागतात. यावरून मामांचा निष्कर्ष ठरलेला, की कुणीतरी एक मूर्ती फोडून लपवली आहे. एकदा त्रेपन्न भरल्या, तर त्यांनी साचे भरणाऱ्या बाईला दारातच अडवलं.

"येक मूर्ती कुठं गेली गो?"

"दादा, त्रेपन्न केल्या, त्रेपन्नच हायत. शेवटची येकटी ठेवलीय."

"येकटी कशाला? जोडीदार कुठं हाय?"

"जोडीदार नाय. गणपती हाय तो, बसंल येकटा!"

मामांनी तरीही फळ्यांखाली, पोत्यांमागे, माळ्यावर शोध घेतला. काही सापडलं नाही, तेव्हा बाई भलतीच हुशार आहे असं त्यांचं मत झालं. एसटीतही तेच. पेणला तिकीट हातात पडलं की शेवटच्या चार अंकांची चौकशी सुरू व्हायची. गडब येईस्तोवर ते तेरावर असत, नागोठण्याला एकोणतीसवर. कंडक्टर सुट्टं काय मागतोय याकडे लक्ष नाही. रोह्याला उतरताना एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तिकीट मूळ निघालं. या कंडक्टरवर लक्ष ठेवा." तो बिचारा डबा उघडून भाकरी खात होता.

मी त्यांच्या मुलीला बघायला गेलो तो कारखान्यातच. मी रोह्याजवळच्या वरश्याचा, तिथल्याच एका कंपनीत शिफ्टला. ऑर्डरी तुंबलेल्या, घरी यायला मामांना सवड नव्हती. आधीच्या दोन मुलांना त्यांनी एका आकड्यावरून परत पाठवलंय हे मध्यस्थाने मला वाटेत सांगितलं होतं. मुलगी त्यांच्या पाठीमागे मूर्तींचे डोळे रंगवत बसली होती. तिने एकदा मान वर केली आणि मला तिथून रिकाम्या हाताने परत जायचं नाही हे पक्कं झालं.

"एक्क्याण्णव मूर्ती हायत," मामा म्हणाले. "रांगा बसतील काय?"

आकडा विषम. नऊ आणि एक दहा, म्हणजे तिनाने नाही. शेवटी शून्य नाही, पाच नाही. मूळ संख्या, असं अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात मामांच्या खांद्यामागे पिवळ्या रंगाने माखलेली सात बोटं वर आली.

"सात रांगा," मी म्हणालो. "एकेकीत तेरा."

"तेरा साती एक्क्याण्णव," मामा पुटपुटले. मग डोळे बारीक करून, "सात कसं सुचलं?"

"भाग लावत गेलो."

लग्न झालं, पण शंका फिटली नाही. दर गणपतीला पानावर बसलो की मामा विचारायचे, "जावयबापू, ते सात तुमचंच ना?" आणि मोदक फोडता फोडता मी खोटं बोलायचो. हसत बोलायचो, पण आत टोचायचं. आपण बायको कॉपी करून मिळवली आहे, हे कळलं तर हा माणूस पुन्हा कधी तोंड बघणार नाही, अशी भीती मला मुलं मोठी झाली तरी होती.

मामांच्या शेवटच्या गणपतीला ते खाटेवरच होते. तोच प्रश्न आला. त्या थकलेल्या चेहऱ्याकडे बघून मला खोटं बोलवेना.

"मामा, सात मला हिने दाखवलं."

"म्हाईत हाय. तुमच्या मागं घड्याळ व्हतं. काचेत बोटं दिसली मला."

"मग हो का म्हणालात?"

"आधीच्या दोघांनाबी एक्क्याण्णवच घातला व्हता. तवा तिनं एक बोट उचललं नाय."

पुढच्या गणपतीला पेणला गेलो, तर पानावर मला कुणी काहीच विचारलं नाही. वाढता वाढता ही थांबली, आणि माझ्यासमोर हळूच सात बोटं धरली.