फक्रुभाईंची कोरी मशीन

“जिच्यावर काय बी न्हाय, ती मशीन सगळ्यात चांगली.”

फक्रुद्दीन मोमीन हे बोलले ते हुपरीच्या एका चांदीवाल्यासमोर. तो पैंजणांची वेबसाइट काढायला आला होता आणि कुठलाही माल हातात घेतल्याशिवाय त्याचा विश्वास बसत नसे. “आमची साइट जिथं राहणार, ती जागा दावा की,” म्हणाला. फक्रुभाईंनी पडदा त्याच्याकडं वळवला. सगळा काळा. डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती. चांदीवाल्यानं चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. “पावणं, ह्यात तर काय बी न्हाय की!” त्यावर फक्रुभाईंनी वरचं उत्तर दिलं आणि ते चहा सांगायला खाली गेले. चांदीवाला त्या काळ्या पडद्याकडं एखाद्या विहिरीत वाकून बघावं तसा बघत राहिला. आज त्याच्या तीन साइटी आहेत.

अनुजा तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती आणि सासऱ्यांच्या ऑफिसात बसायला लागली होती. तिनं ते वाक्य ऐकलं आणि हसली. त्याचा अर्थ कळायला तिला नऊ वर्षं लागली.

ऑफिस शाहूपुरीत, पाण्याच्या मोटारी विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर. पाटीवर ‘सोनटक्का वेब सर्व्हिसेस’. मालक म्हणजे तिचे सासरे हंबीरराव, मूळचे नेसरीचे. पूर्वी लग्ना-बारशाच्या पत्रिका छापायचे. चौदा वर्षांपूर्वी एक बारीक अंगाचा माणूस पत्रिका छापायला आला आणि पत्रिका राहिली बाजूला, दुपारभर छापखान्याचा कॉम्प्युटर दुरुस्त करत बसला. तेच फक्रुभाई. कबनूरचे. बाप यंत्रमागावर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग ठीक करणारा. पोरानं माग सोडला, पण बापाचे हात घेऊन आला. लिनक्स, म्हणजे मशीन आतून चालवणारी प्रणाली, शिकला तो मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीवरून. त्याच्याच नादानं हंबीररावांनी छापखाना मोडला आणि वेबसाइटी ठेवायचा धंदा काढला. पुण्यात एका मोठ्या थंड इमारतीत एक मशीन भाड्यानं घेतली. ती रात्रंदिवस चालू. तिच्यावर लोकांच्या साइटी. कबनूरचे कापडवाले, हुपरीचे चांदीवाले, दोन कॉलेजं, एक भजनी मंडळ. एकशेसाठ.

आणि या एकशेसाठांचं सगळं फक्रुभाई हातानं करत. कुणाला नवा ईमेल हवा, कुणाचा पासवर्ड हरवला, कुणाची साइट बंद पडली, की फोन फक्रुभाईंना. ते काळ्या पडद्यावर दोन ओळी टाइप करत आणि म्हणत, “झालं बघा.” गिऱ्हाईक म्हणे, “लई उपकार झालं भाई.” तोवर दुसरा फोन वाजे. हंबीरराव अभिमानानं सांगत की आमच्या फक्रुला माऊस लागत नाही. खरंच लागत नसे. माऊसवर ते चहाचा कप ठेवत.

आता जुन्या मशीनवरच्या लिनक्सची मुदत संपली. पुण्यातच नवी मशीन घेतली आणि तिच्यावर ‘पॅनेल’ बसवायचं ठरलं. पॅनेल म्हणजे असं सॉफ्टवेअर, की गिऱ्हाईकानं आपल्या घरी बसून बटणं दाबायची आणि आपला ईमेल, आपला पासवर्ड आपणच करून घ्यायचा. फोन नको, उपकार नको.

शनिवारी हंबीररावांनी सुनेला आत बोलावलं. दार लावून घेतलं, पंखा वाढवला.

“पॅनेल आलं की फक्रुला दिवसभराचं काम कुठलं? अर्धा दिवस बास झाला. सांग त्याला.”

“मी?”

“मग कोण? मी चौदा वरसं त्याच्या डब्यातलं खाल्लंय. माझ्या तोंडातनं निघंल व्हय?”

“आणि माझ्या तोंडातनं निघंल होय, आबा? मी बी नऊ वर्षं खाल्लंय.”

“तुझी पाच वरसं कमी हायत की,” हंबीरराव म्हणाले आणि त्यांनी पेपर उघडला.

रविवार अनुजाचा वाईट गेला. ज्याची जागा जाणार, त्याच्याच हातून जागा झाडून घ्यायची. भाकरी थापताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. शेवटी तिला वाटलं, निदान त्यांचं काम तरी हलकं करावं. तिला थोड्याफार आज्ञा येत होत्या, त्याही फक्रुभाईंनीच शिकवलेल्या. ती लॅपटॉप घेऊन बसली आणि नव्या मशीनवर वेब सर्व्हर टाकला, डेटाबेस टाकला, मेलचं सॉफ्टवेअर टाकलं. एकदाही चुकली नाही. पाहुणा येणार म्हटल्यावर त्याच्या आधी ताट-पाट मांडून ठेवावं, तसं सगळं मांडून ठेवलं आणि पहिल्यांदा त्या दिवशी तिला बरं वाटलं.

सोमवारी सकाळी नऊला फक्रुभाई आले. चप्पल दाराशी, डबा खिडकीत. मशीनमध्ये शिरले, चार ओळी टाइप केल्या आणि थांबले.

“वहिनी, घरात कोण शिरलतं?”

“मीच हो भाई. म्हटलं तुमचा भार कमी होईल.”

फक्रुभाई पडद्याकडं बघत राहिले. रागावले नाहीत. रागावायची त्यांची रीतच नव्हती. फक्त डावा कान चोळायचे.

“पावणा यायच्या आधी सैपाक करून ठेवलासा की.”

“मग? चुकलं का?”

“दुसरा कुठला बी पावणा असता तर न्हाय. पर ह्यो पॅनेल-पावणा आपली चूल, आपली भांडी, आपलं पीठ घिऊन येतोय. दारात येऊन बघतोय, आत कुणाची चूल पेटलेली दिसली की म्हणतोय, न्हाय येत जावा.”

“मग मी टाकलेलं तेवढं काढून टाकू?”

“काढलं तरी राख राहतीया. माझा बाप मागावर सुताचा नवा बीम चढवायच्या आधी सगळा माग पुसून घ्यायचा. जुन्या सुताचं एक कुसळ राहिलं तर शंभर वार कापडात डाग.” त्यांनी कान सोडला. “कोरी करू. परत पहिल्यापासनं.”

तिच्या रविवारची सगळी मेहनत एका ओळीत पुसली गेली. ती ओळ टाइप करण्याआधी मात्र फक्रुभाईंनी वळून विचारलं, “करू न्हवं?” स्वयंपाक सांडायच्या आधी बाईला विचारावं तसं. अनुजानं मान हलवली.

नवं लिनक्स चढायला लागलं. अगदी किमान, हाडं तेवढी. तेवढ्यात हंबीरराव आत आले आणि सुनेकडं न बघता थेट पडद्याकडं बघत उभे राहिले.

“नाव काय ठेवायचं, आबा?” फक्रुभाईंनी विचारलं.

“नाव? आपलंच. सोनटक्का डॉट इन.”

“ते साइटीचं नाव हाय. मशीनचं येगळं लागतंय. बापाचं आन् पोराचं एकच नाव ठिवलं तर पोस्टमननं टपाल कुणाच्या हातात द्यायचं?”

“बापाच्या!”

“आबा, पोस्टमन गोंधळतोय म्हंतोय मी.”

“आमच्या नेसरीचा न्हाय गोंधळायचा.”

“मशीनचा पोस्टमन नेसरीचा न्हाय. कायतरी पुढं लावा. मग घराणं सोनटक्का, गाव इन.”

हंबीरराव विचारात पडले. छापखान्यात हजारो बारशांच्या पत्रिका छापलेला माणूस एका नावासाठी दहा मिनिटं अडला. त्यांनी पैलवानांची चार नावं घेतली, एक देवीचं घेतलं आणि ते देवीचं आहे म्हणून मागं घेतलं. शेवटी म्हणाले, “चंद्री ठेव.”

“चंद्री कोण?” अनुजानं विचारलं.

“आमची म्हस हुती. कधी बसली न्हाय, कधी आटली न्हाय.”

अशी ती मशीन चंद्री डॉट सोनटक्का डॉट इन झाली. फक्रुभाईंनी नाव टाइप केलं, ते नाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे की नाही तेही तपासलं. नाव आहे पण पत्ता नाही, असं पॅनेलला चालत नाही. मग मशीनचा पत्ता कायमचा केला, घड्याळ भारताचं लावलं, जुनी पडलेली सॉफ्टवेअरची पॅकेजं ताजी केली. लिनक्सला एक रखवालदार असतो, फार कडक, घरच्या माणसालाही ओळख विचारणारा. त्याला त्यांनी सुट्टी दिली.

“त्याला का काढताय?” अनुजा दचकली.

“पॅनेल आपले रखवालदार संगं आणतंय. एका दारात दोन पैलवान उभं केलं तर चोर राहतोय बाजूला, ह्यांचीच कुस्ती लागती.”

हंबीरराव मोठ्यानं हसले, मग शनिवारचं आठवून “बँकेत जाऊन येतो” म्हणून निघाले. जाताना दारातून त्यांनी सुनेकडं भुवया उडवल्या. तिनं नाही म्हणून डोळे मिटले. ते उतरताना जिना नेहमीपेक्षा जास्त वाजला.

सव्वाबाराला फक्रुभाईंनी ती मुख्य ओळ टाइप केली. पॅनेल चढायला लागलं. काळ्या पडद्यावरून पांढऱ्या ओळी धावू लागल्या, कुणी वाचाव्यात म्हणून नसलेल्या, पेरणीत बी पडावं तशा. दोघं बघत बसली. अनुजाला वाटलं, या ओळी संपेपर्यंत बोलायचं. मग वाटलं, संपल्यावर बोलू.

आणि लाइट गेली.

पंखा थांबला, इंटरनेट गेलं, धावत्या ओळींसकट पडदा विझला. “मेलो!” अनुजा किंचाळली. “अर्ध्यात अडकलं! परत सगळं पुसायचं का?”

फक्रुभाईंनी डबा उघडला. “काम तिकडं पुण्यात चाललंय, वहिनी. मी ते असं लावलंय की आपण तुटलो तरी ते तुटत न्हाय. आपण खिडकीतनं बघत हुतो. खिडकी मिटली म्हणून चुलीवरचा भात शिजायचा राहतोय व्हय? घ्या.” त्यांनी मेथीची भाजी पुढं केली. त्यांच्या बायकोच्या, नजीरा भाभींच्या हातची, तिखट.

आता बघायला पडदा नव्हता. समोर माणूस होता. अनुजानं घास घेतला, गिळला आणि बोलली.

“भाई, आबांनी तुम्हाला एक सांगायला सांगितलंय.”

“सांगा की.”

“पॅनेल लागल्यावर… म्हणजे काम तसं कमी होणार, तर…”

“अर्धा दिवस?”

तिचा हात ताटलीत थांबला. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कोण कशाला सांगाय पायजे? पॅनेल काय करतंय त्ये मला ठावं न्हाय व्हय? आबांना पॅनेल घ्या म्हणून मीच सांगितलं की.”

“तुम्ही? का?”

फक्रुभाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. “गिऱ्हाईक पासवर्ड इसरणार, मी दोन ओळी टाइप करणार, ते म्हणणार उपकार झालं. चौदा वरसं दिसाला वीस येळा उपकार. वहिनी, दुसऱ्याच्या घराची किल्ली आपल्या खिशात ठिवायची आन् दार उघडून दिलं की मोठेपणा घ्यायचा, ह्याला कारागिरी म्हंत न्हाईत. मशीन कोरी करून उभी करणं, ती कारागिरी. ती कैक वरसातनं एकदा करायला मिळती.”

रविवारपासून ज्याच्यासाठी अनुजानं जीव जाळला, तो माणूस तिच्या आधीच तिथं जाऊन आला होता.

“तुम्हाला वाईट नाही वाटलं?”

“वाटलं की. आबा सोता बोलतील वाटलं हुतं.” घास तोंडात गेला. “अर्धा म्हंजे कितीपत्तर?”

“दोन,” ती कशीबशी म्हणाली. “पण भाई, ते काही पक्कं नाही. मी बोलतो आबांशी.”

“दोन. बरं झालं. नजीरा चौदा वरसं म्हंतीया, दुपारचं घरात बसून गरम जेवा.”

लाइट आली. इंटरनेट आलं. फक्रुभाईंनी पुन्हा मशीनमध्ये डोकावलं. ओळी पळतच होत्या, बऱ्याच पुढं गेल्या होत्या. पावणेदोनच्या सुमारास त्या थांबल्या आणि पॅनेलनं आपण बसल्याचं सांगितलं. फक्रुभाई खुर्चीतून उठले.

“या, हितं बसा. मालकाचा पासवर्ड नवा टाका.”

“तुम्हीच टाका ना. तुम्हालाच माहीत असतो सगळ्या मशीनींचा.”

“म्हणूनच तुम्ही टाका. मला सांगू नगा.”

ते खिडकीकडं गेले आणि रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. त्यांच्या पाठीमागं अनुजा टाइप करू लागली. पहिल्यांदा दोन वेळा टाकलेलं एकमेकांशी जुळलं नाही. दुसऱ्यांदा एक अक्षर सुटलं. तिसऱ्यांदा जुळलं. एकशेसाठ घरांची किल्ली तिच्या एकटीच्या डोक्यात येऊन बसली आणि डोकं चांगलंच जड झालं. तिनं मान वर केली तेव्हा फक्रुभाई अजून पाठमोरेच होते.

“झालं, भाई.”

पडदा आता काळा नव्हता. निळा, पांढरा, चित्रांनी भरलेला. जिना वाजला आणि हंबीरराव आत आले.

“आयला! ही तर टीव्हीच झाली की रं!” त्यांनी मनापासून हात जोडले. मग सुनेकडं बघितलं. तिनं मान डोलावली, म्हणजे सांगितलं. हंबीररावांचा चेहरा पडला आणि तो सावरायला ते मोठ्यानं बोलू लागले, “फक्रु, चहा मागवू का? का मिसळच आणायची? आज तू म्हणशील ते. बस की रं, उभा का? मी काय म्हंतो, जुन्या साइटी आता आजपासनंच न्यायला घेऊ, दुपारभर बसू दोघं, सांजच्याला…”

फक्रुभाईंनी माऊसवरचा कप उचलला, खिडकीत ठेवला. रिकामा डबा पिशवीत घातला.

“आन् तो हुपरीवाला, त्याचा सकाळी फोन आलता मला, त्याला जरा दोन मिनिटं… आरं, कुठं निघाला ह्यो?”

“दोन वाजले, आबा,” अनुजा म्हणाली.

हंबीररावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, मग दाराकडं. फक्रुभाईंनी दाराशी वाकून चपला घातल्या, एकदा पडद्याकडं, एकदा म्हाताऱ्याकडं बघितलं, आणि दुपारच्या उन्हात जिना उतरून निघून गेले.