शाल दिली, माईक नाही

"बाईले माईक कायले देता आता? बुंदी थंडी होऊन राह्यली," सरपंचकाका सूत्रसंचालकाच्या कानाशी म्हणाले.

परवा चिखलीला एका दुकानासमोर गरम बुंदीचा वास आला आणि देऊळघाटचा तो सत्कार आठवला. घरोघर फिरून मुलींना शाळेत आणणाऱ्या, त्यांच्या आयांसाठी शिवणवर्ग काढणाऱ्या आमच्या गावच्या शाळेतल्या बाई स्टेजवर नवी शाल सावरत बसल्या होत्या. दहावीनंतरही मुलींचं शिक्षण थांबवू नका, एवढंच त्यांना गावाला सांगायचं होतं. पण एकामागून एक पुढारी उठले, बाईंना माउली म्हणाले आणि स्वतःचीच कामं सांगून बसले. प्रत्येक भाषण संपलं की बाई खुर्चीत पुढे सरकत, मग पुन्हा मागे टेकत.

तेव्हा वाटलं, उशीर झाला म्हणून त्यांचं बोलणं राहतंय. आता कळतं, शाल दिली की बाईंचं ऐकायची गरज संपली, असंच सगळे धरून चालले होते.

मी आठवीत होते. इंग्रजी शाळेतली, म्हणून आभार माझ्याकडे.

"आटप वं पोरी, हात जोड आन् मोकळी हो," काका म्हणाले.

मी माईक हातात घेतला.

"आभार नंतर मानते," मी म्हणाले. "आधी बाई बोलतील."