एकदम फायनल

शेजारची सई गॅलरीत येरझारा घालत इंग्रजीचं पाठांतर करतेय. परफेक्ट, एम्प्टी, फायनल अशा विशेषणांना तर-तमभाव नसतो म्हणे. फायनल म्हणजे फायनल; त्याहून जास्त फायनल काही असूच शकत नाही.

आमच्या घरी असतं, बाई. परदेशी गेलेला माझा मुलगा पहिल्या दिवाळीला नुसतं "आई, येतोय" म्हणाला आणि आला. पुढच्या वर्षी म्हणाला, "फायनल आहे," आणि ऐनवेळी तिकीट रद्द केलं. आज सकाळी फोनवर म्हणाला, "आई, या वेळी एकदम फायनल!"

तेव्हापासून मी घरात आत-बाहेर करतेय. त्याची गादी उन्हात टाकली, लगेच उचलून आत आणली. नुसतं "येतोय" म्हणाला असता, तर एव्हाना चकलीची भाजणी दळून आणली असती.