पाणी उतरलेली सुरी

‘ह्याला पानी न्हाई.’

खर्ड्याच्या किल्ल्याच्या बुरुजाखाली भट्टी लावून बसणारा लोहार दिवसातून पन्नास वेळा हे तीन शब्द बोलायचा, आणि बोलताना समोरच्या वस्तूकडे असं बघायचा की तिनं लाजेनं आपली आपण मोडून पडावं. त्याचे तेच शब्द मी उचलले आणि त्याच्यावरच फेकले. ते खोटे आहेत हे मला बोलताना माहीत होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याच्याविषयी लिहिताना माझी लेखणी मला सांभाळून घेईल, आणि मी तुम्हाला बरा माणूस वाटू लागेन.

पोलाद लाल तापवायचं, विझवायचं, मग हलक्या आचेवर त्याचा ताठा बेतानं कमी करायचा, याला पाणी देणं म्हणतात. हा माणूस विझवायचा करडईच्या तेलात, पण म्हणायचा पाणीच. पाणी नीट चढलं तर धार टिकते, नाही तर पहिल्याच हाडावर वळते. त्याचं हे माप लोखंडापुरतं नव्हतं. बाजारातल्या चकचकीत सुऱ्या, गावचा ग्रामसेवक, स्वतःचा थोरला भाऊ, एस.टी.चा नवा कंडक्टर, सगळ्यांना तो एकदा वरपासून खालपर्यंत बघायचा आणि निकाल द्यायचा. हॉटेलातल्या चहालाही पाणी नाही म्हणायचा, तेव्हा मात्र मालकासकट सगळे हसायचे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या तुच्छतेचा राग येतो, आणि त्यांनी आपल्याला नापास करू नये म्हणून आपण धडपडतोही.

दुष्काळाच्या आधीचं वर्ष होतं. पाझर तलावांच्या मोजणीसाठी आमच्या खात्याची छावणी खर्ड्याच्या बाहेर तंबू ठोकून होती. मी चोविशीतला कारकून. आमच्या डेप्युटी साहेबांना शिकारीचा नाद होता. तेव्हा परवान्यावर शिकार चालायची, कडक कायदा नंतर आला. साहेबांकडे परवाना होता, बंदूक होती, चामड्याचे बूट होते आणि एक विलायती मासिक होतं. नेम तेवढा नव्हता.

त्या मासिकात एका सुरीचं चित्र होतं. पाठीवर करवतीसारखे दाते, मधोमध खाच, दोन्ही अंगांना धार, शिंगाची मूठ. तशीच सुरी करून हवी म्हणून साहेब मला घेऊन भट्टीवर गेले. गावातले लोक त्याला मामा म्हणायचे. आम्ही छावणीतले लोक ‘ए लोहार’ म्हणायचो. मीही.

त्यानं चित्र आधी उलटं धरलं, मग सुलटं धरलं.

“हे दाते कशापायी?”

साहेब म्हणाले, लाकूड कापायला.

“मंग करवत घ्या की. आन् ही खाच?”

रक्त वाहून जायला, साहेब म्हणाले.

“रगताला वाट दावावी लागत न्हाई, सायेब. दोन्ही अंगाला धार म्हंजे अंगठा कुठं ठिवनार? का अंगठा बी शिकारीतच धरायचा?”

भाता ओढणारी त्याची बायको पदरात हसली. त्यानं मासिक परत केलं आणि विळ्याकडे वळला. साहेबांनी पुढच्या आठवड्यात नगरहून निकेलचा मुलामा दिलेली एक सुरी आणली. ती म्यानातून फक्त फोटोसाठी बाहेर येई.

मला सुरी हवी होती ती कशासाठी, हे लिहायला आजही लाज वाटते. साहेबांच्या मागून रानात हिंडणाऱ्या टोळक्यात मला जागा हवी होती. म्हणून मी एकटाच भट्टीवर गेलो. त्यानं विचारलं, काय कापायचं? मी म्हणालो, शिकार.

“शिकार कोन करतंय?”

“साहेब.”

“मंग तुमी काय कापनार?”

खरं ते तोंडातून निघून गेलं. मी म्हणालो, साहेब मारतात आणि सोलायला मला बसवतात.

तो पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघायला लागला. “बसा, भाऊसाहेब,” म्हणाला, आणि बायकोकडे वळून म्हणाला, “ह्यांच्यात वाईच पानी दिसतंय.” माणसाच्या बाबतीत हे शब्द आपल्या नवऱ्याच्या तोंडून आपणही पहिल्यांदाच ऐकले, असं तिनं मला नंतर सांगितलं.

निवड करायची मुभा त्यानं मला फारशी दिली नाही. ओल्या मातीचा गोळा माझ्या मुठीत दाबायला लावला आणि बोटांचे ठसे उमटलेला तो गोळा फळीवर वाळत ठेवला, त्यावरून मूठ घडवायची म्हणून. पात वितीपेक्षा दोन बोटं आखूड. मी जरा लांब करा म्हणालो, तर म्हणाला, लांब मागतो तो कापत नसतो, दाखवत असतो. पोलाद नगर कॅम्पातल्या मोडीत काढलेल्या लष्करी लॉरीच्या कमानपाट्याचं. पात मुठीच्या बुडापर्यंत अखंड गेली पाहिजे, हे त्यानं मला मोडक्या सुऱ्यांचा एक ढीगच उपसून दाखवलं. बाजारू सुरीचं शेपूट मुठीत बोटभरच असतं, जोर लावला की मूठ हातात राहते आणि पात हाडात. मूठ बाभळीची, पितळी खिळ्यांनी दोन्ही बाजूंनी आवळलेली. शिंगाची मूठ का नको? ओल्या हातात निसटते. एवढंच उत्तर, तेही माझ्याकडे न बघता.

बायको घण मारत होती, तो सांडशीत पात फिरवत होता. दोघांत एक शब्दही नव्हता, तो लहान हातोडीनं जिथं टिचकी देई तिथं तिचा घण पडे. पाणी देताना मात्र त्यानं तिलाही बाजूला केलं. विझवून घासलेली पात निखाऱ्यांच्या वर धरून तो तिचा रंग बघत बसला. गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग धारेपाशी आला तसा त्यानं हात मागे घेतला. मग नखानं पात वाजवून कानाशी नेली आणि डाव्या हातावरून फिरवली. त्याच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत केस म्हणून नव्हते, सगळ्या गावाच्या धारांचा हिशोब त्या हातावर होता.

सुरी देताना म्हणाला, “रगतात घाला, मातीत घाला. पर इस्तवाला दावू नगा. पानी उतरलंच, तर माघारी आना. मी पुन्यांदा चढवीन. पर आना.”

महिनाभर त्या सुरीनं माझी चांगलीच ऐट वाढवली. मग एका सकाळी बालाघाटाच्या उतारावर साहेबांच्या तिसऱ्या गोळीला रानडुक्कर पडलं. पहिल्या दोन लिंबाच्या झाडाला लागल्या होत्या. तिथंच जाळ करून आम्ही काळीज भाजायला घेतलं. मी सुरीच्या टोकानं तुकडे परतत होतो. साहेबांनी तिसऱ्या गोळीची कथा सुरू केली. पहिल्या दोन गोळ्या तिच्यात मुद्दाम चुकवलेल्या होत्या, डुकराला गाफील ठेवण्यासाठी. मी ‘हो साहेब, वा साहेब’ म्हणत होतो. दोन्ही हातांनी दाद देता यावी म्हणून मी सुरी निखाऱ्यात खोचून ठेवली. एका लाचार मानेला डोलायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ती तिथं राहिली.

उपसली तेव्हा अर्धी पात लाल होती आणि मुठीच्या अलीकडे मोरपिशी निळी. मी ती राखेनं खसाखसा घासली. लाल विझलं, निळं गेलं नाही.

डुक्कर सोलताना मांडीच्या सांध्यावर धार कागदासारखी वळली. साहेब वाकून बघायला लागले. “काय रे, हीच का तुझ्या लोहाराची कारागिरी?”

त्या वेळी मला एक वाक्य बोलायचं होतं. सुरी मी विस्तवात ठेवली, एवढंच. साहेब हसले असते, दोन दिवस चिडवलं असतं, संपलं असतं. मी म्हणालो, “त्यानं पाणीच दिलं नाही, साहेब.”

साहेबांना हे केवढं आवडलं म्हणून सांगू. मासिक परत मिळाल्याचा डंख अजून होताच. नाकातून आवाज काढून त्यांनी नक्कल केली, ‘ह्याला पानी न्हाई,’ आणि सगळे लोळून हसले. मीही.

जीपच्या ड्रायव्हरनं ती गोष्ट हॉटेलात सांगितली. पुढच्या बाजारी भट्टीवरून जाताना लोक ते तीन शब्द मोठ्यानं म्हणू लागले. पंधरा वर्षं त्याचे विळे वापरणारे शेतकरी आता विळा नखानं वाजवून बघू लागले, जणू त्यांना त्यातलं कळत होतं. सुरी मी पेटीच्या तळाशी टाकली आणि भट्टीचा रस्ता सोडून वेशीकडून फिरून जायला लागलो.

मग बहात्तर साल आलं. मोजलेल्या तलावांवर दुष्काळी कामं निघाली आणि मला हजेरीवर बसवलं. शेकडो टिकाव आणि पहारी रोज बोथट होत होत्या, त्यांना टोकं काढायला कामावर लोहार हवा होता. तो आला. साहेबांच्या तंबूसमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला. त्याला तसं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

साहेब म्हणाले, “तुझ्या हाताला पाणी नाही म्हणतात. खरं का, भाऊसाहेब?”

लोहारानं माझ्याकडे बघितलं. मी हजेरीपटाकडे बघितलं. एकाच माणसाशी मी दोनदा खोटा वागलो, आणि दुसऱ्यांदा तर मला तोंडही उघडावं लागलं नाही.

काम जामखेडच्या कुणा ओळखीच्याला मिळालं. दुसऱ्या दिवसापासून नवरा-बायको भट्टी विझवून खडी फोडायला बसली. रोज सकाळी मी त्याचं नाव घ्यायचो, तो ‘हजर’ म्हणायचा. जामखेडहून टोकं काढून आलेले टिकाव दोन दिवसांत वळायचे. लोक शिव्या द्यायचे. हा वळलेला टिकाव हातात घ्यायचा, नखानं वाजवायचा, आणि खाली ठेवायचा.

एका दुपारी त्याची बायको ठेचलेलं बोट घेऊन माझ्या टेबलाशी आली. मी चिंधी बांधत होतो. ती म्हणाली, “तुमच्या सुरीपासनं त्येंनी त्यो शबुद टाकलाय, भाऊसाहेब. घरातबी म्हनत न्हाईत.”

तिच्या आवाजात राग असता तर मी निभावून नेलं असतं.

संध्याकाळी सुटी झाल्यावर सुरी धोतराच्या फडक्यात गुंडाळून मी त्याच्याकडे गेलो. तो खडीच्या ढिगावर बसून होता. त्यानं फडकं सोडलं, मुठीजवळचा निळा डाग बघितला. वाजवूनही बघितली नाही.

“इस्तवात घातलीसा.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“मी दिल्यालं पानी मला ठावं न्हाई व्हय? आपसूक उतरतंय व्हय ते?”

मी विचारलं, मग त्या दिवशी साहेबांपुढे का बोलला नाहीत? त्यानं माझ्याकडे बघितलं, त्या जुन्या, वस्तू मोडून टाकणाऱ्या नजरेनं. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

“सुरी कुठं हुती? तुमच्या पेटीत. आना म्हनलं हुतं, तुमी आनली न्हाई. हातात वस्तू नसताना भांडनारा मी न्हाई.”

मी माफी मागायला लागलो. त्यानं हात वर केला. “हितं नगं. ज्येंच्यापुढं बोललासा त्येंच्यापुढं बोला.” आणि सुरी पुन्हा फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

त्यानंतर मी आठ दिवस काढले. साहेब त्या आठवड्यात दोनदा येऊन गेले आणि मी दोन्ही वेळा त्यांना पाऊस-पाण्याचं विचारलं.

शेवटी बोललो, आणि माझ्या बोलण्यानं त्याला भट्टी परत मिळाली, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. त्या महिन्याच्या अखेरीला दोघं भाता आणि ऐरण गाढवावर लादून बार्शीकडे गेली, ती परत आली नाहीत. बुरुजाखाली त्या जागी नंतर सायकलचं दुकान झालं. सुरीला पाणी चढवून घ्यायला मी दुसऱ्या कुणाकडे गेलो नाही. निळ्या डागासकट ती माझ्या कपाटात आहे, आणि भाजी चिरायलाही तिचा उपयोग नाही.

पण नवव्या दिवशीच्या सकाळचं सांगायचं राहिलं. हजेरीची रांग लागली होती, साहेबांची जीप येऊन थांबली होती, ड्रायव्हर बॉनेटला टेकून बिडी ओढत होता. मी त्याचं नाव घेतलं. तो ‘हजर’ म्हणाला. मी पुढचं नाव घेतलं नाही. सुरी टेबलावर ठेवली आणि उभा राहिलो. आवाज फाटत होता, पण शेवटच्या माणसापर्यंत जाईल एवढा काढला. म्हणालो, साहेब, ह्या सुरीला पाणी होतं. मी ती विस्तवात ठेवली आणि दोष यांच्यावर ढकलला. यांच्या हातात काही खोट नाही, मी खोटं बोललो.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. “एका सुरीचं एवढं काय? हजेरी घे.” ड्रायव्हर दुसरीकडे बघायला लागला. रांगेत कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं.

लोहार हातोडी खांद्यावर घेऊन उभा होता. “म्होरलं नाव घ्या, भाऊसाहेब,” तो म्हणाला. “ऊन चढाय लागलं.”

मी पेन्सिल उचलली. पण पुढचं नाव घेण्याआधी, जे गाव त्याला म्हणायचं आणि मी कधीच म्हटलं नव्हतं, ते म्हणालो.

“चुकलं माझं, मामा.”