गुडघ्याला दहापैकी किती?

आमच्या अकॅडमीत दुखण्याला मोठा मान होता. लातूरला पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आम्ही पोरी पहाटे ग्राउंडवर हजर. उशीर झाला की बेडूकउड्या, बोललं की बेडूकउड्या, हसलं तर डबल. सर ओरडायचे, "दुखायलंय? मग बरोबर चाललंय!" नव्या पोरींवर मीही तसंच ओरडायचे. मी उमरीकडच्या शेतकऱ्याची पोर. पायात दम होता आणि त्याची मला लई मस्ती होती.

ग्राउंडची परीक्षा तीन महिन्यांवर आली आणि उजव्या गुडघ्यानं दगा दिला. दुखायचं अगदी समोर, वाटीच्या मागं. जिना उतरताना तर जीव जायचा. फोनवर मायला सांगितलं, ती म्हणाली, "बिब्ब्याचा चटका दे, जाईल." दिला. फोड तेवढा आला, दुखणं होतं तिथंच. मागच्या भरतीत माझं एका मार्कानं हुकलं होतं आणि वयात बसणारी ही शेवटची भरती. रात्रंदिवस तेवढंच डोक्यात.

शेवटी एका मैत्रिणीनं मला फिजिओथेरपीच्या मॅडमकडं ओढत नेलं. मॅडमनी मला पायरीवर उभं केलं आणि एक पाय हळूच खाली टेकवायला लावला. माझा उजवा गुडघा लगेच आत वळला.

"वाटीत काही खोट नाही," त्या म्हणाल्या. "मांडीचे आणि खुब्याचे स्नायू कच्चे आहेत. म्हणून सगळा ताण वाटीवर येतोय."

कच्चे? माझे? अशी तिडीक गेली डोक्यात! अख्ख्या अकॅडमीत माझ्यापुढं पळणारी एक नव्हती, आणि या बाई मला कच्ची म्हणतात!

त्यांनी उड्या बंद केल्या, पळणं निम्म्यावर आणलं. पायरीवरून सावकाश उतरायचं, दहा वेळा. कुशीवर झोपून पाय उचलायचा. भिंतीला पाठ टेकून हवेतल्या खुर्चीवर बसायचं. आणि दुखण्याला रोज दहापैकी मार्क द्यायचे. तीनपर्यंत असेल तर व्यायाम चालू, त्याच्या वर गेलं की कमी करायचं. आता सांगा, लातूरसारख्या गावात, जिथं एका मार्कासाठी पोरं वर्ष वर्ष खोलीत कोंडून घेतात, तिथं कमी मार्कवाली पास!

मग मी तेच केलं जे अकॅडमीची कुठलीही पोर करेल. दहाच्या जागी शंभर वेळा पायरी उतरले. लपून पूर्ण राउंड मारले. आणि मॅडमनी विचारलं की छाती काढून सांगायचं, "एक!" त्या खूश होऊन व्यायाम वाढवायच्या. मला वाटायचं, कशी पास होऊन राहिले बघा.

तीन आठवड्यांनी गुडघा फुगला. तरी त्या दिवशीही मी "एक" सांगितलं आणि निघाले. क्लिनिक पहिल्या मजल्यावर होतं. मी कठडा धरून, आडवी होऊन, एकेक पायरी उतरत होते. वरून आवाज आला.

"ए एकवाली! वर ये."

मॅडम जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. "अगं, तू खोटे मार्क सांगतेस आणि त्यावर मी व्यायाम वाढवते. म्हणजे तुझा गुडघा आपण दोघींनी मिळून बिघडवला. आता खरं बोल. किती?"

मला रडूच कोसळलं. "सात, मॅडम."

"बरं झालं बोललीस. आता सुरुवात करू."

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं की बेडूकउड्या मारणार न्हाई. ते भडकले. "मग काय पाटावर बसवून ओवाळू तुला?" मी म्हटलं, "सर, त्याच्याऐवजी भिंतीला हवेतली खुर्ची करते. तुम्ही करून बघा." सर ताठ्यात बसले. थोड्याच वेळात त्यांच्या मांड्या लटलट कापायला लागल्या आणि सर धप्पकन जमिनीवर! पोरी खो खो हसल्या. कुणालाच शिक्षा झाली नाही. त्या दिवसापासून सगळ्यांनाच खुर्ची लागू झाली.

माझे मार्क उतरायला लागले. सात, पाच, पुन्हा सहा, चार. तीन आले तेव्हा मी क्लिनिकमध्ये चक्क उडी मारणार होते, मॅडमनी दंडाला धरून खाली बसवलं. ग्राउंडच्या आठवडाभर आधी आठशे मीटर पूर्ण पळाले. दोन! आणि खरे दोन!

परीक्षा नांदेडला होती. शिट्टी वाजली आणि मी सुटले. शेवटच्या वळणावर दोघी माझ्या पुढं होत्या. मी मनात गुडघ्याला विचारलं, किती रे? दोनच. मग पळ की गं बाई, कशाची वाट बघून राहिलीस! एकीला मागं टाकलं, दुसरीला टाकलं, आणि पूर्ण मार्क! मी अशी किंचाळले की ड्युटीवरच्या हवालदार मावशीही हसल्या.

परतताना नांदेड स्टेशनच्या पुलावरून मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. "मॅडम, आठशेला पूर्ण मार्क! आणि गुडघ्याला शून्य!"

मॅडमचा चेहरा हललासुद्धा नाही. "जिना उतरून दाखव."

फोन सोबत आलेल्या मैत्रिणीच्या हातात दिला. कठडा सोडला, दोन्ही हात वर केले, तोंड समोर, आणि निघाले खाली. पिशव्या घेतलेले लोक बाजूला होऊन बघायला लागले. निम्म्यावर आले आणि माझे पाय थांबले.

"काय झालं?" फोनमधून आवाज आला.

"मॅडम, शून्य न्हाई. एक हाय. खरंच एक हाय!"

अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा त्या ओरडल्या, "आत्ता पास झालीस!"